तहानलेली हवा

शामकांत पेडणेकरांनी पाठवलेला फोटो आला तेव्हा त्यांची बायको विद्याताई आणि मुलगी किमया सिंगापूरला ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्यांपाशी, उसाचा रस पीत बसल्या होत्या. शनिवारची दुपार होती. समोर समुद्रात नजर जाईल तिथवर जहाजं नांगर टाकून उभी होती आणि त्यातलं एक शामकांतांचं होतं.

शामकांत त्या जहाजावर चीफ इंजिनिअर होते. जहाज दुरुस्तीसाठी सेम्बावांगच्या एका यार्डात जायचं होतं, पण तिथली जागा अजून रिकामी झाली नव्हती, म्हणून ते बाहेरच ताटकळत होतं. किमया इथल्याच विद्यापीठात पोस्टडॉक करत होती. नवरा आणि मुलगी एकाच शहरात आहेत म्हटल्यावर विद्याताई ठाण्याहून विमानात बसल्या, पण नवरा काही जमिनीवर उतरायला तयार नव्हता. आज उतरतो, उद्या उतरतो, असं चाललं होतं. शेवटी विद्याताईंनीच हट्ट धरला, की माणूस नाही तर नाही, निदान त्याचं जहाज तरी दाखव. येताना त्यांनी घरातली दुर्बीणही बॅगेत टाकली होती.

"लाल पोटाचं आणि पिवळ्या क्रेन्सचं म्हणाले होते," दुर्बीण डोळ्याला लावून त्या म्हणाल्या. "अशी इथे तीन-चार दिसतायत गं."

तेवढ्यात किमयाचा फोन वाजला. बाबांचा फोटो, आणि खाली लिहिलेलं, 'बघ. तुझा बाप पण सिमेंटमध्ये रिसर्च करतो.'

फोटोत इंजिन रूमच्या खालच्या मजल्याचा एक कोपरा होता. जहाजाच्या पत्र्याला टेकवून फळ्यांची एक पेटी ठोकली होती. पेटी करड्या सिमेंटने भरलेली होती आणि त्या सिमेंटमधून एक जाड पाइप बाहेर आला होता. बाजूला जमिनीवर गरम हवेचा ब्लोअर होता, पेटीकडे तोंड करून ठेवलेला.

किमया आधी हसली. मग तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि तिचं हसू मावळलं. सिमेंटच्या पृष्ठभागावर बारीक तड्यांचं जाळं पसरलं होतं. त्याचं तिला फारसं काही वाटलं नसतं. पण पाइपपासून निघून थेट पेटीच्या कडेपर्यंत गेलेली एक रेघ होती, आणि ती रेघ तिने यापूर्वी अनेकदा पाहिली होती.

किमयाचं कामच ते होतं. सिमेंट वाळताना का आणि किती आकसतं, याचा ती अभ्यास करत होती. तिच्या लॅबमध्ये दोन बंद खोल्या होत्या, एक अतिशय दमट आणि एक कोरडी. दोन्हींत लोखंडाच्या कड्यांभोवती ओतलेल्या सिमेंटच्या कड्या मांडून ठेवलेल्या असत. दमट खोलीतल्या कड्या महिनोन् महिने जशाच्या तशा राहत. कोरड्या खोलीतल्या कड्यांमधून पाणी उडून जाई, सिमेंट आवळायला लागे, आतलं लोखंड मात्र त्याला आवळू देत नसे. बाहेरून काहीच दिसायचं नाही. कडी शांत, गुळगुळीत, भक्कम दिसायची. आणि एका क्षणी 'टक्' असा आवाज व्हायचा आणि आतपासून बाहेरपर्यंत एक रेघ उमटायची. आधी कसलीही सूचना नाही. किमया त्या खोलीत असताना तो आवाज झाला की अजूनही दचकायची.

बाबांची पेटी म्हणजे तीच कडी होती, फक्त हिच्यातलं लोखंड पोकळ होतं.

तिने फोन लावला. शामकांत इंजिन रूमच्या कंट्रोल रूममध्ये बसले होते, तिथे जहाजाचं वायफाय चालत असे.

"काय मॅडम, पास का नापास?" ते म्हणाले.

"बाबा, तो ब्लोअर कशाला लावलाय?"

"अगं, सिंगापूरची हवा! इथे कपडे वाळत नाहीत, सिमेंट कुठून वाळणार? वरून ओलंच दिसत होतं. लावला ब्लोअर. आता कसं खडखडीत झालंय बघ."

"वाळवायचं नसतं बाबा ते! सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. तुम्ही त्याच्या तोंडचं पाणी काढून घेतलंत."

"बरं बाई, पुढच्या वेळेला पाणी पाजू."

"तिथे गरम किती आहे?"

"शेजारीच जनरेटर आहे. भट्टीच आहे ती. म्हणून तर वरचा व्हेंटिलेशनचा झोत पण तिकडेच वळवलाय. रोहन तिथे पाइपला रंग देतोय, त्याला जरा वारा."

रोहन म्हणजे जहाजावरचा थर्ड इंजिनिअर, अलिबागचा. किमया त्याला कधी भेटली नव्हती, पण बाबांच्या बोलण्यातून त्याला ओळखत होती. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, घरी लहान मुलगी, आणि चहा अतिशय गोड करतो, एवढं तिला माहीत होतं.

बाहेरची हवा एवढी दमट, की किमयाच्या हातातल्या ग्लासावरून पाण्याचे ओघळ चालले होते. पण हीच हवा आत ओढून त्या भट्टीत तापवली, की तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं आणि आणखी पाण्याची भूक मात्र दुप्पट-तिप्पट होते. दमट सिंगापूरची तीच हवा त्या कोपऱ्यात पोचेपर्यंत वाळवंटातल्या हवेसारखी तहानलेली होत होती. त्यात वारा. त्यात ब्लोअर. तिची लॅबमधली कोरडी खोलीसुद्धा इतकी निर्दय नव्हती.

"बाबा, हा पाइप कसला आहे?"

"ओव्हरबोर्ड. आतलं पाणी समुद्रात सोडायचा."

"आणि गळत कुठे होता?"

"जहाजाच्या पत्र्याला जिथे जोडलाय, तिथेच. गंजून भोक पडलं."

"मग व्हॉल्व्ह बंद करून ठेवा ना!"

"व्हॉल्व्ह भोकाच्या अलीकडे आहे, किमू. तो बंदच आहे. भोकाच्या पलीकडे काहीच नाही, म्हणून तर पेटी बांधली. यार्डात गेलो की पाइपच बदलणार."

"काहीच नाही म्हणजे?"

"म्हणजे समुद्र," शामकांत म्हणाले आणि हसले.

"हसू नका बाबा," किमया एवढ्या जोरात म्हणाली, की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. विद्याताईंनी दुर्बीण खाली ठेवली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

किमयाने हातानेच त्यांना थांबवलं. "बाबा, पाइपपासून कडेला एक रेघ गेलीय. तिच्यावर टॉर्च मारा आणि मला व्हिडिओ पाठवा. पेटीला हात लावू नका. आणि रोहनला तिथून बाहेर काढा."

"अगं, थेंब नाहीये तिथे."

"आता नाहीये. माझ्या लॅबमध्येही शेवटच्या क्षणापर्यंत काही नसतं."

चाळीस वर्षं जहाजांवर काढलेला माणूस. मुलीच्या आवाजात त्यांना काय ऐकू आलं कोण जाणे, पण ते "थांब" म्हणाले आणि फोन बंद झाला.

व्हिडिओ यायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात किमयाने आईला जमेल तेवढं सांगितलं. विद्याताई इंजिनिअरची बायको होत्या. घाबरून किंचाळणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला.

"ती पेटी फुटली तर पाणी किती येईल?"

"पाइप केवढा आहे त्यावर. आणि भोक आणखी मोठं झालं असेल तर…"

"बुडेल?"

"जहाज लगेच नाही बुडत, आई." किमया जहाजाबद्दल बोलतच नव्हती, तिला पेटीपाशी असणाऱ्या माणसांची काळजी होती.

मग व्हिडिओ आला. हलता उजेड, इंजिनांचा गोंगाट, पेटी जवळ येत गेली. टॉर्चचा प्रकाश रेघेवर स्थिरावला. रेघ फोटोतल्यापेक्षा जाड होती. तिच्या खालच्या टोकाला, पेटीच्या फळीवर, हाताच्या पंजाएवढा एक काळपट डाग होता. गोंगाटात एक आवाज, बहुतेक रोहनचा, ओरडून सांगत होता, "सर, हे ओलं सकाळी नव्हतं!"

शामकांतांचा लगेच फोन आला. ते आता 'मॅडम' म्हणाले नाहीत.

"बोल. काय करू?"

आयुष्यभर किमयाने त्यांना विचारलं होतं, सायकलची चेन पडली काय करू, गणित सुटत नाही काय करू. आज ते तिला विचारत होते.

"ब्लोअर बंद करा. वाऱ्याचं तोंड फिरवा. पेटीवर ओली पोती टाका आणि ओलीच ठेवा. पण बाबा, त्याने तडा मिटणार नाही. पाणी मिळालं तर सिमेंट थोडंसं फुगतं, गेलेलं सगळं परत येत नाही. फक्त आणखी आवळायचं थांबेल. आणि बाहेरून समुद्राचं पाणी ढकलतंय, पाइप थरथरतोय…"

"म्हणजे पेटी टिकेल याची खात्री नाही."

"नाही."

"बरं." ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "लाकडं लावून पेटी दाबून धरावी लागेल. आणि कॅप्टनला सांगतो… बघतो काय करता येतं. किमू, मी खाली जातोय. फोन इथेच राहील. काम झालं की करतो."

"तुम्ही स्वतः कशाला? बाबा!"

"मग कोणाला पाठवू?" ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

किमया फोनकडे बघत राहिली. तिला आत्ता कळलं, की ज्या जागेपासून माणसांना दूर ठेवायचं होतं, त्याच जागी तिने बाबांना धाडलं होतं. तिने फोटोवर नुसता एक अंगठा पाठवला असता तर ते कंट्रोल रूममध्ये बसून चहा पीत असते.

आणि रोहन तिथे एकटा रंग देत बसला असता. दोन्ही चित्रं तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

वारा पडला होता. समुद्रावर पश्चिमेकडून काळं आभाळ चढत आलं, झाडांमधून अचानक गार झोत सुटला आणि बघता बघता पावसाने समोरचं सगळं पुसून टाकलं. आधी दूरची जहाजं गेली, मग जवळची, मग पाण्याची कडसुद्धा. सायकली घेऊन आलेले लोक पळत छपराखाली आले. वीज इतकी जवळ कडाडली, की एक लहान मूल रडायला लागलं. विद्याताई छपराच्या अगदी टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. पाण्याचे शिंतोडे त्यांच्या साडीवर उडत होते. दुर्बिणीतून फक्त पांढरं दिसत होतं, तरी त्यांनी ती डोळ्यावरून काढली नाही.

किमयाने बाबांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग तिने जहाजाच्या इथल्या एजंटचा नंबर शोधला. बाबांनी कधीतरी, अडीअडचणीला असू दे, म्हणून दिला होता.

"चीफ इंजिनिअरची मुलगी बोलतेय," ती इंग्रजीत म्हणाली. "जहाजावर सगळं ठीक आहे का?"

"शिपवरून काही मेसेज नाही, मॅडम," एजंट म्हणाला. "हेवी रेन ना. डोन्ट वरी, लाह. काही असेल तर कॅप्टन कॉल करतोच."

त्याच्या आवाजात खरंच काळजी नव्हती. तिला त्याचा हेवा वाटला. पत्र्यापलीकडून समुद्र आत रेटत असताना त्या रेघेचं काय होतं, हे त्याला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. लॅबमध्ये तडा गेला की गेला, तिथे आत फक्त लोखंडाची कडी असते. तिथे ती कपाळावर आठ्या घालून आकडे उतरवायची आणि जेवायला जायची.

"ये इकडे," विद्याताईंनी हाक मारली.

पाऊस विरळ होत चालला होता. धुरकट पाण्यातून जहाजं एकेक करून परत उगवत होती. भरती-ओहोटी बदलली होती वाटतं, कारण सगळ्या जहाजांनी नांगराभोवती तोंडं फिरवली होती आणि आता त्यांच्या पाठी किनाऱ्याकडे होत्या. विद्याताईंनी एका जहाजाकडे बोट दाखवलं.

"ते बघ. ते सरळ नाहीये."

किमयाने दुर्बीण घेतली. लाल पोट, पिवळ्या क्रेन्स. शेजारची जहाजं पाण्यावर सपाट बसली होती. हे एक डावीकडे कललं होतं. थोडंसंच, पण इतक्या जहाजांत ते एकटंच कललेलं असल्यामुळे नजरेतून सुटत नव्हतं.

"दुसरं असेल," ती म्हणाली. "तूच म्हणालीस ना, अशी तीन-चार आहेत."

"बाकीची मी मघाशीच बघून ठेवलीयत," विद्याताई म्हणाल्या. "त्यांच्यावर नाव आहे ते मला वाचता येतंय. ह्याचंच वाचता येत नव्हतं. आता येतंय." आणि त्यांनी जहाजाचं नाव घेतलं.

त्या दोघी तिथे किती वेळ उभ्या होत्या ते त्यांना नंतर सांगता आलं नाही. जहाजाचं कलणं थांबत नव्हतं. कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, काही हलत नाहीये. पण सतत बघणाऱ्याला कळत होतं. मागचा डेक आणि समुद्राची रेघ यांच्यामधली फट एका बाजूला मोठी होत होती. विद्याताईंच्या तोंडून काही शब्द येत होते, बहुतेक रामरक्षा, पण मध्येच त्या ओळी विसरत होत्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होत्या. किमया फोनवर पोलिसांचा नंबर दाबून थांबली होती. लावायचा का नाही, लावला तर काय सांगायचं? की इतक्या दूरवरून मला एक जहाज वाकडं दिसतंय? तिच्या मागे लोक पुन्हा रांगेत उभे राहून काडीवर भाजलेलं साते घेत होते. हसत होते.

एक लाँच जहाजाकडे जाताना दिसली. तिच्या मागे पाण्याची पांढरी रेघ उठली होती. लाँच जहाजाच्या आड गेली.

मग एजंटचा फोन आला. आता त्याच्या बोलण्यात मघाचं ते मोकळं सिंगापुरी 'लाह' नव्हतं.

"मॅडम, तुमचे फादर किनाऱ्यावर येतायत. हाताला लागलंय. शुद्धीवर आहेत. आम्ही त्यांना नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये नेतोय. तुम्ही तिकडेच या."

"आणि जहाज? जहाज तर बुडतंय!"

"बुडतंय?" एजंट गोंधळला. "नाही, नाही, मॅडम. कॅप्टननेच तसं कलवलंय."

किमया खाली बाकावर बसली. आईने तिच्या हातातून फोन घेतला, पुन्हा कानाला लावला, आणि "शुद्धीवर आहेत ना? नक्की?" एवढंच मराठीत विचारलं. एजंटला काय कळलं देव जाणे, पण तो "येस, येस" म्हणाला.

टॅक्सीत विद्याताईंनी मुलीचं मनगट धरून ठेवलं होतं, आणि त्या ते इतकं घट्ट धरून होत्या, की हॉस्पिटलपाशी उतरताना तिथे लाल वळ उठला होता.

शामकांत अपघात विभागातल्या एका खाटेवर होते. उजवा हात कोपरापासून बांधलेला, केसांना आणि मानेला तेलाचा काळा थर, अंगावर दोन ब्लँकेट्स. तरी ते कापत होते. किमयाने त्यांना कधी कापताना पाहिलं नव्हतं. विद्याताई जवळ गेल्या आणि पदराने त्यांचं कपाळ पुसायला लागल्या. तेल नुसतं फासलं जात होतं, तरी पुसत राहिल्या.

"थंडी वाजतेय का?"

"नाही," शामकांत म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "घाबरलो गं मी."

पुढचं रोहनने सांगितलं. तो त्यांच्याबरोबर लाँचमधून आला होता आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा होता. ओल्या बॉयलर सूटवर त्याला कोणीतरी हॉस्पिटलचा गाऊन दिला होता.

फोन झाल्यावर शामकांतांनी आधी कॅप्टनला गाठलं होतं. जहाज रिकामं होतं, पाण्यावर उंच तरंगत होतं, त्यामुळे ते भोक पाण्याच्या पातळीखाली फार खोल नव्हतं. उजव्या बाजूच्या, तोल सांभाळायच्या टाक्यांमधलं पाणी डाव्या बाजूला नेलं तर जहाज डावीकडे कललं असतं आणि उजवीकडचं भोक हळूहळू पाण्याबाहेर आलं असतं. कॅप्टन आधी तयार नव्हता. एका तड्यासाठी अख्खं जहाज कलवायचं, बंदरात सगळ्यांना कळवायचं, उद्या कंपनी विचारील.

"तेव्हा सर म्हणाले," रोहन सांगत होता, "की माझी मुलगी रोज हेच तडे बघते आणि आज ती घाबरलेली आहे. एवढंच म्हणाले. कॅप्टनने पंप चालू करायला सांगितला."

पण टाकीतलं पाणी इकडून तिकडे जायला वेळ लागतो. तोवर शामकांत आणि रोहनने पेटीवर ओली पोती टाकली, आणि पेटीसमोर आडव्या-तिडव्या लाकडांचा टेका उभा करायला घेतला. शेवटची पाचर ठोकत असताना तो आवाज झाला.

"कसा?" किमयाने विचारलं. तिला ऐकायचं नव्हतं, तरी तिने विचारलं.

"मोठा नव्हता," रोहन म्हणाला. "जनरेटर चालू असताना मला ऐकू आला हेच नवल. काठी मोडावी तसा. मग पेटीचा कोपराच उडाला. पाणी माझ्या छातीवर आलं आणि मी मागे कुठे जाऊन पडलो ते मला कळलंच नाही. उठलो तर सर दिसेनात. सगळीकडे नुसतं पाण्याचं धुकं. मला वाटलं, गेले."

शामकांत गेले नव्हते. टेक्याचं लाकूड सरकलं होतं आणि त्यांचा हात लाकूड आणि रेलिंगच्या मध्ये सापडला होता. तसंच उभं राहून ते खांद्याने टेका दाबत होते, कारण टेका सुटला असता तर उरलेली पेटीही गेली असती. रोहन पाण्याखाली चाचपडत पाचर शोधत राहिला. दुसरे दोघे येऊन त्यांनी मोठा पंप चालू केला, पण पाणी गुडघ्यांच्या वर चढलं होतं, आणि समुद्राचा तो फवारा कमी व्हायचं नाव घेत नव्हता.

"आम्ही बोलत नव्हतो. बोलून ऐकू येणारच नव्हतं. सर माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. मी मनात म्हणत होतो, आता जिना चढून पळावं. पायच हलत नव्हते." रोहन भिंतीवरून जरा सरळ झाला. "मग पायाखालची जमीन तिरकी वाटायला लागली. पाणी डावीकडे धावायला लागलं. आणि फवाऱ्याचा जोर जरा मोडला. आधी वाटलं, भास असेल. मग तो खाली वाकला, मग नुसता भळभळायला लागला. शेवटी भोकातून गुळगुळ आवाज आला, आणि पाण्याऐवजी हवा आत आली. बाहेरची. पावसाचा वास होता तिला."

म्हणजे ज्या वेळी किमया आणि आई किनाऱ्यावर जहाज कलताना बघून जीव मुठीत धरून उभ्या होत्या, त्याच वेळी आत ही माणसं जमीन कलायची वाट बघत होती.

"मी सांगितलं नसतं तर तुम्ही दोघं तिथे नसता," ती शेवटी म्हणाली.

"मी असतो," रोहन म्हणाला. "मला आज दिवसभर तिथेच रंग द्यायचा होता. पेटीला पाठ करून बसलो होतो. बाकीचे सगळे डेकवर होते." एवढं बोलल्यावर तो काय म्हणाला ते बहुधा त्यालाच कळलं, कारण तो भिंतीवरून घसरत खाली फरशीवर बसला.

डॉक्टरांनी सांगितलं, की शामकांतांचं मनगट दोन ठिकाणी मोडलंय, ऑपरेशन लागेल, बोटं बहुतेक पूर्ववत हलतील. 'बहुतेक' या शब्दापाशी विद्याताईंनी मान वर केली. पुढे तीन दिवसांनी जहाज तसंच कललेलं, टगबोटींनी ओढत सेम्बावांगला नेण्यात आलं आणि तो पाइप कापून काढला गेला. भोक आतून एवढं खाल्लेलं निघालं, की त्यातून माणसाचा हात आरपार जात होता. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी त्यांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी शामकांत औषधाच्या गुंगीत होते आणि मध्येच डोळे उघडून विचारत होते, "किती कललंय? सरळ तर नाही ना केलं?" दर वेळी विद्याताई त्यांना सांगत होत्या, की नाही केलं. त्यांना कसं ठाऊक असणार? पण त्या ठामपणे सांगत होत्या. मग ते डोळे मिटत. एकदा त्यांनी मुलीला जवळ बोलावलं.

"पोती अजून ओली आहेत का?"

"आहेत, बाबा," किमया म्हणाली.

"कोणीतरी बघत राहा म्हणावं." त्यांनी धडधाकट हाताने तिची बोटं पकडली. तो हात गरम होता. "चाळीस वर्षांत पाणी बघितलंय गं मी. पण ते पत्र्याच्या पलीकडे असतं."

किमया बाहेर आली तेव्हा रोहन फरशीवरच बसलेला होता. कोणीतरी दिलेला चहाचा कागदी कप त्याने शेजारी ठेवला होता, प्यायला नव्हता. त्याच्या फोनवर बायकोचा व्हिडिओ कॉल वाजत होता. त्याने आधी तो कट केला, मग गाऊनच्या बाहीने तोंड पुसलं, केस मागे सारले आणि व्हिडिओ न लावता नुसता साधा कॉल केला.

"हं, बोल गं," तो अगदी मोकळ्या आवाजात म्हणाला. "नाही, काही नाही, रेंज नव्हती. सिंगापूरला उतरलोय. हो, चीफ सरांबरोबर. हो, जेवलो. ती झोपली का?"

पलीकडून ती बराच वेळ काहीतरी सांगत होती, मुलीबद्दलच असावं. रोहन डोळे मिटून ऐकत होता आणि मधूनमधून "हो का?" म्हणत होता. फोन ठेवल्यावर त्याने किमयाकडे पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"किमया, जहाज सरळ करायची घाई करणार नाहीत ना ते?" त्याने विचारलं. "भोक परत पाण्याखाली जाईल. आत अजून आमचे बाकीचे आहेत."

किमयाने एजंटचा नंबर लावला आणि पलीकडून कोणी उचलेपर्यंत त्याच्या शेजारी फरशीवर बसून राहिली.